सहा सुताचं भोक आणि त्रिकोणांची फाइल

भिवंडीच्या लूम कारखान्यांत मापं अजून इंचात बोलली जातात. कापडाचा पन्हा इंचात, रीड आणि पिक म्हणजे इंचाला इतके धागे, आणि मिस्त्री चाकाच्या भोकाचं माप सांगतो ते सुतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सहा सूत भोक म्हणजे पाऊण इंच, म्हणजे 19.05 मिलिमीटर. याच परिसरात आता थ्रीडी प्रिंटरवर सुटे भाग, साचे, गेज बनू लागले आहेत आणि प्रिंटरला मिलिमीटरशिवाय दुसरं माप कळत नाही. मिस्त्रीचं सूत आणि प्रिंटरचं मिलिमीटर यांच्यामधला दुवा म्हणजे एक फाइल. ती कोणत्या प्रकारची असावी, कशी तयार करावी, छापून झाल्यावर काय जपून ठेवावं, याचा विचार बहुतेक ठिकाणी होत नाही. ‘एसटीएल पाठवा’ एवढ्यावर काम चालतं. या कामाबद्दल माझं जे मत बनलं आहे ते असं: एसटीएल ही छापण्यापुरती चालणारी फाइल आहे, जपून ठेवण्याची नव्हे. भिवंडीसारख्या जुन्या यंत्रांच्या गावात तर ती एकटी जपून ठेवणं म्हणजे माप हातातून घालवणं आहे.

एसटीएलचा जन्म 1987चा. चक हल यांनी द्रव रेझिनवर प्रकाश टाकून थरावर थर घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट 1986 साली मिळवलं होतं आणि त्यांच्या थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या यंत्राला संगणकातला आकार समजावून देण्यासाठी हा प्रकार तयार झाला. कल्पना फार साधी आहे आणि म्हणूनच ती टिकली. कोणत्याही वस्तूचा पृष्ठभाग छोट्या छोट्या त्रिकोणांनी मढवायचा आणि प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे व त्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवायचं. बायनरी एसटीएलमध्ये सुरुवातीला 80 बाइटांची मोकळी जागा, मग चार बाइटांत त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला 50 बाइट. एक लाख त्रिकोणांची फाइल जेमतेम पाच मेगाबाइट होते. हे वाचणारा प्रोग्राम शिकाऊ विद्यार्थीही लिहू शकतो. त्यामुळे प्रत्येक स्लायसर, म्हणजे आकाराचे थर पाडून प्रिंटरसाठी आज्ञा तयार करणारा प्रोग्राम, ही फाइल उघडतो. हा गुण मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण या रचनेत काय नाही तेही पाहायला हवं. आकडे इंचातले की मिलिमीटरमधले हे लिहायची जागा नाही. साहित्य कोणतं, रंग कोणता, भागाचं नाव काय, यांतलं काहीच नाही. सुरुवातीच्या त्या 80 बाइटांत टीप लिहिता येते, पण ती वाचण्याचं बंधन कुणावर नाही, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं म्हणून तिथे सव्वीस चिन्हांवर काही मावतही नाही.

एककाचा प्रश्न भिवंडीत पुस्तकी राहत नाही. ज्यानं जुन्या चाकाचं चित्र इंचात काढलं त्याच्या एसटीएलमध्ये भोकाचा व्यास 0.75 असतो आणि स्लायसर तो पाऊण मिलिमीटर समजतो. ही चूक लगेच दिसते, कारण अख्खं चाक 25.4 पट लहान होऊन पडद्यावर ठिपक्यासारखं उमटतं. घातक असते ती न दिसणारी चूक. लँकेशायर पद्धतीच्या जुन्या मागांची गिअर इंचाच्या हिशेबातली, म्हणजे डायमेट्रल पिचची (व्यासाच्या एका इंचाला किती दाते) असतात आणि आजचे नवे अभियंते शिकतात मॉड्यूल, जो मिलिमीटरमध्ये असतो. 12 डायमेट्रल पिच म्हणजे मॉड्यूल 2.117. फाइलमध्ये नुसते त्रिकोण असले की पुढचा माणूस अंदाज करतो, 2.117ला ‘दोनच असणार’ म्हणतो आणि चाळीस दात्यांचं चाक नव्यानं काढतो. मूळ चाकाचा बाहेरचा व्यास 88.9 मिलिमीटर, नव्याचा 84. दाते तेवढेच, दिसायला चाक तसंच, पण शेजारच्या चाकाशी त्याचे दाते नीट बसत नाहीत. हे चाक टेक-अप मोशनमधलं असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. कापड गुंडाळण्याचा वेग ज्या चाकांच्या साखळीवर ठरतो त्या सात चाकांच्या पिकल्स मोशनमध्ये स्टँडर्ड चाक 36 दात्यांचं असेल, तर चेंज चाकाचे, म्हणजे पिकप्रमाणे बदलायच्या चाकाचे, जितके दाते तितके इंचाला पिक पडतात. 52 दाते म्हणजे 52 पिक. माग जुळवणाऱ्या जॉबरला हे तोंडपाठ असतं. म्हणजे त्या चाकाबाबत खरी माहिती ‘12 पिच, 52 दाते, भोक सहा सूत’ इतकी छोटी आहे, एका ओळीत मावणारी. एसटीएल हजारो त्रिकोण लिहितं आणि नेमकी ही एक ओळ गाळतं.

दुसरा पुरावा वर्तुळाचा. भोक गोल असतं, त्रिकोणाची बाजू सरळ असते. त्यामुळे एसटीएलमधलं प्रत्येक भोक म्हणजे अनेक बाजूंची आकृती असते आणि तिचे कोपरे खऱ्या वर्तुळावर असले तरी बाजू आत सरकलेल्या असतात. सहा सुताचं भोक चोवीस बाजूंत मोडलं तर समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर 19.05ऐवजी सुमारे 18.89 मिलिमीटर होतं. म्हणजे 0.16 मिलिमीटर फाइलमध्येच गेले, प्रिंटर सुरू होण्याआधी. त्यात वितळलेल्या प्लास्टिकच्या छपाईत भोकं मुळातच थोडी लहान येतात, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग शाफ्ट बसत नाही, मिस्त्री कानस घेऊन भोक मोठं करतो, केंद्र सरकतं आणि दोष प्रिंटरला दिला जातो. तेच भोक 120 बाजूंत मोडलं तर कमतरता 0.007 मिलिमीटरच्या आत राहते. म्हणून फाइल काढताना सॉफ्टवेअर जो बारकावा विचारतं तो डोळे मिटून मान्य करू नये. सर्वसाधारण 0.4 मिलिमीटरच्या नोझलसाठी खऱ्या वक्रापासूनचा फरक एका शतांश मिलिमीटरच्या आसपास ठेवला की पुरतं. त्याहून बारीक गेलात तर फाइल फुगते, स्लायसर रखडतो आणि छापलेल्या वस्तूत काडीचा फरक पडत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते: चोवीस बाजूंच्या फाइलमधून ते भोक मुळात गोल होतं हे परत मिळवता येत नाही. गोलाचे त्रिकोण करणं ही एकदिशा वाट आहे.

तिसरी अडचण शिवणीची आहे आणि कापडाच्या गावात ती सहज समजेल. एसटीएलमधला प्रत्येक त्रिकोण आपले तीन कोपरे स्वतःपुरते लिहितो. शेजारचा त्रिकोण तोच कोपरा पुन्हा लिहितो. सरासरीनं एकच बिंदू सहा वेळा लिहिला जातो. म्हणजे ही गोधडीची ठिगळं आहेत, नेमकी एकमेकांना टेकवून ठेवलेली, पण शिवलेली नाहीत. एखाद्या आकड्यात शेवटच्या घरात फरक पडला की दोन ठिगळांमध्ये फट राहते आणि स्लायसरला वस्तूचं आत-बाहेर कळेनासं होतं. काही थर गायब होतात, कुठे भरीव जागा पोकळ निघते. दुरुस्तीचे प्रोग्राम अशा फटी बुजवतात आणि बहुतेक वेळा चांगल्या बुजवतात. पण तिथे मूळ पृष्ठभाग कसा होता हे त्यांना माहीत नसतं, ते फटीवर सरळ पट्टी ताणतात. की-वेच्या, म्हणजे चावी बसायच्या खाचेच्या, कोपऱ्यात अशी पट्टी बसली तर चावी शेवटपर्यंत जात नाही. म्हणून दुरुस्त केलेली फाइल थेट प्रिंटरला देऊ नये. स्लायसरच्या पूर्वदृश्यात थरन् थर वर-खाली करून पाहावा, विशेषतः भोक, की-वे आणि दात्यांच्या मुळाशी. पाच मिनिटांचं काम असतं आणि त्यावर पुढचे आठ-दहा तास अवलंबून असतात.

2015 साली मायक्रोसॉफ्टच्या पुढाकारानं अनेक कंपन्यांनी मिळून थ्रीएमएफ हा प्रकार आणला तो याच उणिवांवर उपाय म्हणून. त्यात बिंदूंची यादी एकदाच असते आणि त्रिकोण त्या यादीतल्या क्रमांकांनी बांधलेले असतात. म्हणजे गोधडी शिवलेली असते. एकक फाइलमध्येच नोंदलेलं असतं, इंचसुद्धा चालतो. नाव, वर्णन, तारीख लिहायला जागा असते. शिवाय बरेच स्लायसर आपल्या सगळ्या सेटिंगसह अख्खं काम थ्रीएमएफमध्ये साठवतात: भाग आडवा ठेवला होता की उभा, भिंती किती, आतला भराव किती. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण थरांनी बनलेली वस्तू थरांच्या जोडावर सगळ्यात कमकुवत असते. तोच ब्रॅकेट उभा छापला तर हातानं मोडतो आणि आडवा छापला तर वर्षभर टिकतो. आकार तोच, एसटीएल तेच, तरी एक भाग उपयोगाचा आणि एक कचऱ्याचा. पण थ्रीएमएफमध्येही शेवटी त्रिकोणच असतात. खरं वर्तुळ, खरा दंडगोल, खरी त्रिज्या लिहून ठेवणारी फाइल म्हणजे स्टेप. तिचा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक आयएसओ 10303, पहिलं प्रकाशन 1994चं. स्टेपमध्ये सहा सुताचं भोक 9.525 मिलिमीटर त्रिज्येचा दंडगोल म्हणून राहतं. त्यावरून उद्या लेथवाल्याला चित्र देता येतं, मिलिंगवाल्याला देता येतं, हव्या त्या बारकाव्यानं नवे त्रिकोण काढता येतात. स्टेपमध्ये चित्र कोणत्या पायऱ्यांनी काढलं तो इतिहास मात्र सहसा राहत नाही. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं त्याची मूळ फाइलही सोबत हवी. फ्रीकॅडसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दात्यांची संख्या बदलता येईल असं एक चेंज चाक नीट काढून ठेवलं तर 40 पासून 72 पर्यंतची सगळी चाकं त्या एका फाइलमधून निघतात.

यावर पहिला आक्षेप छपाई करून देणाऱ्यांकडून येतो: आम्ही एसटीएलच घेतो, ते सगळीकडे चालतं, मग गुंतागुंत कशाला. हा आक्षेप देण्याघेण्यापुरता योग्य आहे. समोरचा एसटीएल मागत असेल तर एसटीएल द्यावं, नावात मिलिमीटर लिहून द्यावं, आणि सोबत संदेशात लांबी-रुंदी-उंचीचे तीन आकडे पाठवावेत, म्हणजे तो पडताळून पाहील. आजचे प्रचलित स्लायसर, प्रुसास्लायसर असो, क्युरा असो की ऑर्कास्लायसर, थ्रीएमएफ बिनतक्रार उघडतात, तेव्हा अडचण सांगितली जाते तेवढी नाही. एका स्लायसरची सेटिंग दुसऱ्याला पूर्ण कळत नाहीत हे खरं, पण आकार आणि एकक कळतं. माझा मुद्दा काय दिलं हा नाहीच, आपल्याकडे काय राहिलं हा आहे. आणखी वाईट सवय म्हणजे फक्त जी-कोड ठेवणं. जी-कोड म्हणजे एका ठरावीक प्रिंटरला, एका नोझलला, एका प्लास्टिकला दिलेल्या हालचालींच्या आज्ञा. प्रिंटर विकला की ती फाइल निरुपयोगी होते.

दुसरा आक्षेप अनुभवी जॉबरांचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार आहे: प्लास्टिकचे भाग मागावर टिकत नाहीत, मग फाइलींची एवढी चर्चा कशाला? यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घर्षणात फिरणाऱ्या भागाला ते देणं चूक आहे. मिनिटाला 120 पिक घेणाऱ्या मागावर एका बाजूचा, धोट्याला ठोका देणारा पिकर तासाला 3600 ठोके खातो. तो छापून वापरावा असं मी कुणालाही सांगणार नाही. गाइड, कव्हर, रेपियर मागावरच्या सेन्सरचे ब्रॅकेट, जुळणीची गेज, इथपर्यंत प्लास्टिक ठीक. पण हाच आक्षेप माझ्या म्हणण्याला बळ देतो. छापलेल्या वस्तूचा सगळ्यात मोठा उपयोग भाग म्हणून नाही, फाउंड्रीत वाळूचा साचा पाडायच्या पॅटर्नसाठी आहे. लाकडी पॅटर्न घडवणारे कुशल हात कमी होत आहेत, आणि एक चाक ओतायला छापलेला पॅटर्न वाळूत उत्तम काम देतो. मात्र बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ॲल्युमिनियम आणि पितळ त्याहून जास्त. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. जुने पॅटर्नवाले त्यासाठी आकसणं धरूनच आखलेली वेगळी पट्टी वापरत. 200 मिलिमीटरच्या चाकाचा पॅटर्न 202चा होतो. आता दोन एसटीएल शेजारी ठेवा, एक खऱ्या मापाचं आणि एक वाढवलेलं. दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. सहा महिन्यांनी दुसरा कुणी वाढवलेल्या फाइलला पुन्हा एक टक्का देतो, पॅटर्न 204.02चा होतो, चाक ओतून, भोक बोअर करून, मागावर चढवेपर्यंत कुणाला कळत नाही. बीड वाया, लेथचा वेळ वाया, माग बंद. तीच माहिती मूळ फाइलच्या नावात आणि थ्रीएमएफच्या वर्णनात असती तर हे झालं नसतं. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून दिलेला उतार आणि मशिनिंगसाठी सोडलेला माल यांचंही तसंच. मूळ स्टेपमध्ये तयार भाग वेगळा आणि पॅटर्न वेगळा ठेवला तर घोटाळ्याला जागा राहत नाही.

स्टेप दिलं की डिझाइन चोरीला जातं, अशीही भीती बोलून दाखवतात. स्वतःचं नवं डिझाइन असेल तर स्टेप घरात ठेवा आणि छपाईला थ्रीएमएफ द्या. प्रश्न तिथे मिटतो. शंभर वर्षं जुन्या रचनेच्या चाकात लपवण्यासारखं काही नाही, ते कुणीही व्हर्नियर लावून मोजू शकतो.

अलीकडे स्कॅनरचं नाव पुढे केलं जातं: जुना भाग स्कॅन करा, त्रिकोण आपोआप मिळतात, चित्र काढायची गरज काय? स्कॅनर उपयोगी आहे, विशेषतः वेड्यावाकड्या ओतीव भागांसाठी. पण तो जे समोर आहे ते मोजतो, आणि समोर असतं ते पंधरा-वीस वर्षं घासलेलं चाक. दात्यांची एक बाजू झिजलेली, भोक लंबगोल झालेलं. स्कॅनची फाइल जशीच्या तशी छापली तर झीजही इमानदारीनं छापली जाते. त्या फाइलकडे पाहून हा दाता मूळचा कसा असेल हे ठरवायला माणूस लागतो, ज्याला पिच ओळखता येतो, ज्याला माहीत आहे की या शाफ्टला सहा सूतच असतं. त्या ज्ञानानं चित्र नव्यानं काढायचं आणि ते स्टेपमध्ये ठेवायचं. स्कॅन हा त्या चित्राला पुरावा म्हणून सोबत राहू द्या. वेळ जातो हे मान्य. साधं चाक काढायला सवय असलेल्याला अर्धा-पाऊण तास लागतो. पण तो एकदाच लागतो, आणि त्रिकोणांवरून माप शोधत बसण्याचा वेळ प्रत्येक वेळी नव्यानं लागतो.

हे सगळं आत्ताच का करायचं याचं कारण भिवंडीच्या रस्त्यांवर दिसतं. 1 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया योजना याच गावातून सुरू झाली. तिच्यात साध्या मागांना नवे जोड लावून सुधारण्यासाठी मदत होती. काहींनी माग सुधारले, काहींनी रेपियर घेतले, आणि अनेकांचे साधे माग वजनावर भंगारात गेले. एका शेडमध्ये आज इंचातला जुना माग आणि मिलिमीटरमधला रेपियर शेजारी चालतात. मागे उरलेल्या साध्या मागांना सुटे भाग लागतातच, आणि ते ज्यांवरून बनवायचे ती न झिजलेली, कोऱ्या अवस्थेतली चाकं कपाटाच्या तळाशी किंवा बंद मागांवर उरली आहेत. मिस्त्रींच्या डोक्यातली मापंही त्यांच्याबरोबर गावी परत जात आहेत, कुणी उत्तर प्रदेशात, कुणी तेलंगणात.

म्हणून लूममालकांना, सुट्या भागांच्या दुकानदारांना आणि पॉवरलूम सर्व्हिस सेंटरमध्ये शिकणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. माग भंगाराला द्यायचा असेल तर त्याची चाकं आधी एक दिवस बाजूला काढा. दाते मोजा, पिच तपासा, भोक व्हर्नियरनं घ्या, जॉबरला शेजारी बसवून कोणतं चाक कुठलं ते विचारा. चित्र काढून मूळ फाइल आणि स्टेप दोन जागी साठवा, आणि नावात मागाचा प्रकार, भाग, दाते, पिच, भोक, एकक आणि आकसणं धरलं आहे की नाही, एवढं लिहा. काट्यावर गेलेलं चाक परत येत नाही.